अर्ध्या सेकंदाचं ‘अरे’

दोष काकांचा! आधीच सांगून टाकतो, मागून ‘मोठे आहेत, चुकून झालं असेल’ वगैरे ऐकून घेणार नाही. जन्मभर कॉम्प्युटरचे क्लास चालवलेला माणूस, आणि त्याला... जाऊ दे. तर तुम्हाला सांगतो, मी कॉलेज सोडून घरी गाणी करतो. पेटी नाही, तबला नाही. पडद्यावर आकड्यांच्या उभ्या रांगा वरून खाली सरकतात, एकेक आकडा म्हणजे एकेक सूर. पण बाबांना काय दिसतं? आकडे! ‘‘कॉलेज सोडलंस ते हे आकडे लावायला?’’ शेजारीण डोकावली, ‘‘शेअर बाजार का रे? भाव काय म्हणतोय?’’ अहो, हेडफोन समोर पडलाय ना? बघितलं सगळ्यांनी, ऐकलं कुणी?

आईनं. घशाच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेलेला, कायमचा. त्याच्या आधी एकदा मला उठवताना ती ‘‘अरे!’’ म्हणून ओरडली, आणि गजराऐवजी फोनवर रेकॉर्डिंग चालू राहिलं होतं म्हणून ते सापडलं. अर्धा सेकंद! तेवढंच कापलं, वर चढवलं, खाली उतरवलं, अख्खं गाणं त्या एका ‘अरे’वर बांधलं... आणि आई गायला लागली हो! जी बाई जन्मात गुणगुणली नाही, ती! रोज हेडफोन लावून डोळे मिटून बसायची. संपलं की बोटानं खूण, पुन्हा.

मग बाबांनी काढलं, ‘‘कॉम्प्युटर रखडतोय, काकांना दाखवू.’’ मी दूध घेऊन येईस्तोवर काका खुर्चीत! ‘‘काय हे, अर्ध्या सेकंदाच्या तुटक्या फायली? कचरा नुसता! मुळापासून उडवल्या. बघ, कसा पळतोय!’’

‘‘काका, लावून तरी बघायचंत!’’

‘‘त्यात काय ऐकायचंय? दिसतंय की!’’

बघितलं... ऐकलं कुणी? आणि मूळ रेकॉर्डिंग असलेला तो जुना फोन? तो बाबांनी आधीच देऊन नवा आणलेला, मला न विचारता. वडीलधारी माणसं विचारतात होय!

गाणं लावलं. आकडे शहाण्यासारखे सरकतायत, पण त्यांनी उचलून वाजवायचा तो ‘अरे’च नाही. आईनं हेडफोन लावले, जरा थांबली, आणि बोटानं खूण केली, आवाज वाढव.

आईचा आवाज दोनदा गेला. पहिल्या वेळी डॉक्टरांनी विचारून तरी काढला होता.