तुझी गाडी सुटू दे

जव्हारच्या एसटी स्टँडवर ठाण्याच्या गाडीची वाट बघत होतो. बाकावर शेजारी साखरशेतचा एक म्हातारा बसला होता, हातात बटणांचा मोबाइल. सोबत सुट्टी संपवून ठाण्याला कामावर परतणारी त्याची लेक.

“बाबा, तुझा मोबाइल दुपारीच कसा बंद पडतो?”

“बॅटरी माझ्यासारखीच म्हातारी झाली.”

“ब्लूटूथ दिवसभर चालू ठेवतोस तू! त्यानंच बॅटरी संपते. बंद ठेव, म्हणजे रात्री माझा फोन लागेल.”

“राहू दे गो. दिवाळीला तू कोंबड्यांना हाका मारलेल्या, तो आवाज त्याच्यातूनच माझ्याकडे आला ना? संध्याकाळी लावला की कोंबड्या खुराड्यात येतात. ठाण्याहून आणखी काही पाठवलंस, आणि माझं बंद असलं तर?”

“तेवढ्या लांबून येत नाही, बाबा. दोन मोबाइल जवळ असले तरच येतं.”

“केवढे जवळ?”

“आता आपण बसलोय तेवढे.”

“ठाण्याहून नाहीच?”

“नाही.”

“आणि आलेला आवाज? बंद केलं तर जाईल?”

“नाही जाणार. तो मोबाइलमध्येच राहतो.”

“मग ठेवीन बंद.”

“आण इकडे, मी करून देते.”

“आत्ता नको. तुझी गाडी सुटू दे.”