पायाखालची अकरा पुस्तकं

आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष आणि आजच्या सभेच्याही अध्यक्ष मृणालिनीताई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते माजी अध्यक्ष प्रल्हादराव, त्यांच्या पत्नी सुहासिनीवहिनी, आणि आयसेलिन-एडिसनच्या रस्त्यांवरचा चिखल तुडवत आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘गुणगौरव, पाच मिनिटं’ असं छापलं आहे. गुण बरेच आहेत. माझी आई तिकडे भारतात, गावी वारली तेव्हा, विमानतळावर मला सोडायला बर्फातून गाडी काढणारे प्रल्हादरावच होते. ते मी विसरलेलो नाही. म्हणूनच आज गोड बोलणं जमत नाही. परक्याचा राग आपण गिळतो, आपल्या माणसाचा कुठे ठेवायचा?

मागच्या वर्षी रविवारच्या मराठी वर्गाला मुलं येत नव्हती. आली तर घड्याळाकडे बघत बसत. मग दीपानं वर्ग हाती घेतला. आपल्यासमोर वाढलेली मुलगी, कॉलेज सांभाळून शिकवायची. तिनं स्वतःची अकरा इंग्रजी कॉमिक्स आणून कपाटात ठेवली. मुलांनी एकेक पान मराठीत सांगायचं.

मलाही आधी ती मारामारीची पुस्तकंच वाटली. अंगात अचाट बळ असलेले पाच जण, रंगीत कपडे, धूर. पण एके रविवारी मी मागच्या बाकावर बसलो. त्या पाचांचा म्होरक्या शहर वाचवायला धरणाचा दरवाजा उघडतो आणि खालचं एक खेडं बुडतं. साथीदारांना तो सांगतो, दरवाजा आपोआप तुटला. एका साथीदाराला खरं ठाऊक असतं. तो गप्प राहतो.

दहा वर्षांचा राजीव ओरडला, “ही लाइड, यार!”

“मराठीत, राजीव, मराठीत.”

“तो खोटं बोलला, दीपाताई! पण लोक वाचले ना? मग तो गुड आहे की बॅड?”

“तूच सांग.”

मंडळी, पाऊण तास मुलं भांडली. मराठीत! माझी स्वतःची शाळा धरणाच्या पाण्याखाली गेली आहे. ते धरण बांधणारे काही राक्षस नव्हते. मी रोज देवापुढे बसतो, पण हा प्रश्न मला कुणी इतक्या सरळ विचारला नव्हता.

आता संक्रांतीचा दिवस आठवा. याच हॉलमध्ये हळदीकुंकू होतं, बाहेर वीतभर बर्फ. बुटांखाली अंथरायला वर्तमानपत्रं कमी पडली. प्रल्हादराव, तुम्ही कपाट उघडलंत आणि ती अकरा पुस्तकं दारात पसरलीत. मी आत आलो, पायाखाली छापील कागद आला. गावच्या शाळेची सवय. मी वाकलो, हात लावून कपाळाला लावला. समोर तिळगुळाचं ताट घेऊन दीपा उभी होती.

तुम्ही मोठ्यानं म्हणालात, “अहो सेक्रेटरी, कॉमिक्सला कसला नमस्कार? उद्या वर्गात पत्ते शिकवतील, तेव्हा राजाराणीच्याही पाया पडा!”

सगळे हसले. मीही हसलो.

ताट खाली ठेवून ती मुलगी निघून गेली. त्यानंतर ती वर्गावर आली नाही. पुढच्या बैठकीत तुम्ही सांगितलंत, ‘उपस्थितीअभावी वर्ग बंद’ असं लिहा. त्या वर्गात बावीस मुलं होती. हजेरीपट माझ्याकडेच होता. तरी मी लिहिलं आणि खाली सही केली.

धरणाची गोष्ट झाली त्या रविवारी दीपानं मुलांना विचारलं होतं, यात सगळ्यांत मोठी चूक कुणाची? बहुतेकांनी म्होरक्याचं नाव घेतलं. राजीव म्हणाला, “नाही. जो गप्प बसला ना, त्याची.” ते वाक्य संक्रांतीपासून माझ्या पूजेत येऊन बसलं आहे.

म्हणून काल मी इतिवृत्तातली ती ओळ खोडली आणि शेजारी खरं काय ते लिहिलं. अध्यक्ष मृणालिनीताईंना दाखवलं आहे. पुस्तकं मी संक्रांतीच्या दिवशीच उचलून घरी नेली होती, मंद इस्त्री फिरवून वाळवली. नऊ वाचली, दोन कुजली. ती नऊ इथे टेबलावर आहेत, तुमच्या शाल-श्रीफळाशेजारी.

दीपा शेवटच्या रांगेत बसली आहे. फार विनवल्यावर आली. वर्ग परत घेशील का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “काका, ज्यांनी अंथरली त्यांनी एकदा तरी सांगावं की चुकलं. मग बघते.”

प्रल्हादराव, उद्या तुम्ही फ्रीमाँटला राहायला जाल. तिथेही मंडळ असेल, तिथेही तुम्हाला अध्यक्ष करतील. कामाचे आहातच तुम्ही. पण इथली बावीस मुलं तुमच्या एका वाक्यावर अडली आहेत.

सभेनं माझं शांतपणे ऐकलं, त्याबद्दल ऋणी आहे. शुभप्रसंगी कडू बोललो, ते मोठ्या मनानं पोटात घाला. दोन महिने काहीच बोललो नाही, त्याची माफी मात्र मी दीपाकडे मागतो. पोरी, चुकलं माझं.

शाल मी हातात घेतली आहे, प्रल्हादराव. ती घालायच्या आधी हा माइक तुमच्याकडे देतो.