दातेरी चाकाचा दात

...नाही, बोलू नका, जीभ मध्ये येते. दुखलं तर डावा हात वर करा. डावाच, उजव्या बाजूला माझा ट्रे आहे. हं, मघाशी तोंड मोकळं होतं तेव्हा काय विचारत होतात? ती खिडकीतली लाल गाडी. सगळेच विचारतात. लोकांना वाटतं, लहान पेशंटांना गप्प करायला ठेवलीय. छे हो, त्यांना तर मी हातही लावू देत नाही. रिमोटची आहे ती. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, आणि तब्येत माझ्याहून ठणठणीत. माझी नाही, दादाची. म्हणजे आता माझी. म्हणजे — ओठ जड झाला का? वाटतोय तेवढा सुजलेला दिसत नाही, घाबरू नका.

बाबांनी ती दादाला आणली, तो परीक्षेत पास झाला म्हणून. पास म्हणजे काठावर — गणिताच्या मास्तरांनाही धक्का बसला होता. मी त्याच वर्षी वर्गात पहिली. मला काय? कंपासपेटी. बरं, गाडी त्याची, रिमोट त्याचा, मग माझं काम काय? उलटली की पळत जाऊन सरळ करायची. गटारात गेली की काढायची. शेजाऱ्यांच्या कुंपणात घुसली की त्यांच्या कुत्र्याशी बोलणी करायची. दोन सुट्ट्या मी नुसती पळत होते. पुढे शाळेत धावण्याचं बक्षीस मिळालं, तेव्हा घरात शाबासकी कुणाला? दादाला, तालीम दिली म्हणून. आ मोठा करा जरा. हां. कीड खोल आहे तुमची, पण माझी गोष्टही लांब आहे.

जुनं घर रिकामं केलं तेव्हा दादा एक खोकं घेऊन दारात आला. आत नाही आला, स्कूटर भलत्या जागी लावलीय म्हणाला. घे, नाहीतर भंगारात टाकतो. बस, एवढंच. आमचं भांडण नाही हो. भांडण असतं तर बरं, भांडणाला निदान विषय असतो. आमचं बोलणं वहिनीमार्फत चालायचं. तिच्याकडून मला कळायचं की दादाचं बरं चाललंय, आणि त्यालाही माझं तेवढंच कळत असणार.

खोकं उघडलं तर काय अवस्था! बॅटऱ्या आतच गळलेल्या, त्या बसतात तिथल्या पत्र्यांवर हिरवी बुरशी, टायर वाळल्या चिंचेसारखे. दवाखान्यातली निम्मी हत्यारं घरी नेली. पत्र्या व्हिनेगर लावून घासल्या. ज्याने तुमच्या दातांवरचा थर काढला ना, तसल्याच हत्याराने — तसल्याच म्हटलं, त्याच नाही, डोळे काय वटारता? मोटर निघाली चांगली. पण आतल्या दातेरी चाकाचा एक दात मोडलेला. म्हटलं, चला, ही आपली लाइन. तुम्हाला आता भरतेय तेच मटेरियल लावलं, निळा दिवा मारला, टणक झालं. गाडी सुरू केली, पडला. परत बसवला, परत पडला. नवरा म्हणाला, पेशंटना सांगू नकोस. मग बारीक भोक पाडून तारेची खुंटी ठोकली, तिच्यावर दात उभारला. टिकला. माझ्या हातचा तेवढा एकच दात आजवर तक्रार घेऊन परत आला नाही.

मग दादाला बोलावलं. रविवारी, दवाखान्यामागच्या पार्किंगमध्ये. गाडी पाहून हरखला, रिमोटला हात घातला. मी दिला नाही. म्हटलं, आज मी चालवणार, उलटली तर तू पळायचंस. तो हसला, त्याला चेष्टा वाटली. कसली चेष्टा, इतकी वर्षं थांबले होते मी. पहिल्याच फेरीत मुद्दाम पायरीवर आपटली. गेला पळत. मग कुंडीवर. गेला. मग थेट गटारात — काय नेम होता म्हणून सांगू. गाडी काढली त्याने, आणि तिथेच कट्ट्यावर बसला. मी म्हटलं, नाटकं पुरे, ऊठ. तर म्हणतो, "थांब गं जरा. डॉक्टरांनी पळायला मनाई केलीय."

कुठल्या डॉक्टरांनी? मीही डॉक्टरच ना, मला कुणी बोललं नाही. तर म्हणतो, "तू दातांची. माझे दात चांगले आहेत."

हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या, आणि हा गटारात हात घालून बसलाय. इतका राग आला मला. म्हटलं, मग पळालास कशाला, गाढवा? तर त्या गाडीचं चाक फिरवत म्हणाला, "तू कधी नाही म्हणाली होतीस?"

...सिस्टर, सक्शन. नाही, तुमचं दुखत नाहीये, माझाच हात थांबला. झालं, आता निळा दिवा. डोळे मिटा.

ऑपरेशन झालं हो त्याचं. बरा आहे. घरात येरझाऱ्या घालतो आणि वहिनीचं डोकं खातो, आणि दर रविवारी इथे येऊन मला सांगतो की स्टिअरिंग मी उलटं जोडलंय. उलटं नाहीये. त्यावरून तास तास वाजतं आमचं. पण ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले होते — नाकात नळी, चेहरा पांढराफटक — म्हटलं आता काहीतरी बोलेल, मोठं, धाकट्या बहिणीशी बोलण्यासारखं. तर कानाशी बोलावून म्हणाला, "गाडीतल्या बॅटऱ्या काढून ठेव. गळतात." मी हो म्हटलं, बाहेर आले, आणि व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून, गालाला हात लावून उभी राहिले. एक नर्स आली, विचारलं, दात दुखतोय का? मी म्हटलं, हो.

चावा बघू. उंच लागतंय? करकरा घासा. ठीक. आता बोलू शकता तुम्ही... नको, नकोच, बधिर तोंडाने माणसं भलतंच बोलतात. चूळ भरा, आणि बाहेर गेल्यावर त्या हिरव्या शर्टवाल्यांना आत पाठवा.