करडईवरच्या आळ्या

मंठा गावातल्या शेती-औषधांच्या दुकानापुढं मावा, म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारीक कीड, मारायच्या भुकटीसाठी रांग लागली होती. आपल्या करडईच्या रानातून थेट आलेला पुंजाराम रिकामी पिशवी घेऊन उभा होता. त्याच्या पुढं सगुणाबाई अन् तिचा धाकटा भाऊ कारभारी बोलत होते.

"अक्का, करडईवर मावा तं हायेच, वरून आळ्याबी पडल्या. हिरवट, बिनपायाच्या. शंभरेक चिरडल्या म्या."

"अरे येड्या, त्याच तं मावा खाऊन राह्यल्या! म्या बांधावर बसून पाह्यलं. आळी माव्याला तोंडात धरून उचलती, चोखती अन् टरफल टाकून देती. मंग दुसरा."

"मोठी झाल्यावर काय होती?"

"पिवळ्या पट्ट्याची माशी. फुलापुढं हवेत एका जागी टांगल्यावानी थांबती, ती."

"ती तं गांधीलमाशी!"

"नुसतं सोंग. डंख बिलकुल न्हाई. माझ्या मनगटावरचा घाम चाटून जाती. अन् अंडं घालती बराबर माव्यात. लेकरू जन्मतंच भरल्या ताटात!"

"मंग ही भुकटी मारली तर?"

"ताटबी जाईल, लेकरूबी."

भाऊ-बहीण रांगेतून निघून गेले.

"पुढं या, बाबा," दुकानदार म्हणाला. "किती देऊ?"

पुंजाराम धोतराला अंगठा पुसत होता. नखातला हिरवा रंग काही केल्या निघत नव्हता.