फ्रीजरला कुंकू

केझिया: नाव?

युट्रिस: कुणाचं?

केझिया: तुमचं, मॅडम. घरातल्या कर्त्या व्यक्तीचं.

युट्रिस: अगं कार्टे, जन्मापासून माझ्या ताटात जेवतेस आणि मलाच नाव विचारतेस? सकाळी याच ओट्यावर बसून मी तुझ्या वेण्या घातल्या ना?

केझिया: सकाळी मी तुझी नात होते, आजी. आता सरकारी माणूस आहे. हा बघ बिल्ला. फोटो जरा घुबडासारखा आलाय, पण शिक्का खरा आहे.

युट्रिस: नोकरी सुट्टीपुरती आणि ऐट पंतप्रधानाची! बरं, लिही. युट्रिस बाप्टिस्ट. विधवा. गरीब.

केझिया: ‘गरीब’ असा रकाना नाहीये.

युट्रिस: मग आख. चांगला मोठा आख.

केझिया: आजी, राजधानीतल्या, पोर्ट ऑफ स्पेनच्या साहेबांनी आमच्याकडून शपथ घेतलीय. टेकडीवरच्या या रस्त्यावर आफ्रिकन लोक किती सुखात आणि इंडियन लोक किती सुखात, हे घरोघर जाऊन बघायचं. ऐकीव काही लिहायचं नाही. डोळ्यांना दिसेल तेवढंच.

युट्रिस: आणि जो समाज मागे पडला असेल त्याला छपराचे पैसे. माहीत आहे मला. म्हणून तर म्हणते, गरीब लिही! वादळात आपल्या पॅनशेडचं छप्पर उडालं. तुम्हा पोरांची ती वाजवायची पोलादी पॅनं ताडपत्रीखाली भिजतायत. वाजवायला गेलं तर सूर निघत नाही, खोकला निघतो. परवा तूच रडलीस ना?

केझिया: रडले नाही. डोळ्यात गंज गेला.

युट्रिस: दोन्ही डोळ्यांत?

केझिया: दोन्ही. आणि रस्त्यापलीकडच्या धानो मावशीच्या मंदिराचं स्वयंपाकघरही गळतंय. त्यामुळे मी कुणाचीच बाजू घेणार नाही. चला, पुढे. टीव्ही आहे?

युट्रिस: नाही.

केझिया: काल रात्री तर होता!

युट्रिस: देव देतो, देव नेतो.

केझिया: शिवणयंत्र?

युट्रिस: तेही नेलं.

केझिया: देवाला काय शिवायचं होतं?

युट्रिस: जिभेला हाड आहे का काही?

केझिया: आणि चर्चला घालायच्या तुझ्या टोप्या? अख्खी भिंत भरलेली होती. आता नुसते खिळे राहिलेत.

युट्रिस: लिही, बाईला डोकं झाकायला चिंधी उरलेली नाही.

केझिया: चिंधी मला दिसली नाही, त्यामुळे लिहिणार नाही. फ्रीजर?

युट्रिस: एकट्या जिवाला कसला आलाय फ्रीजर!

केझिया: मग मागच्या खोलीत हे काय घरघरतंय?

युट्रिस: मांजर.

केझिया: आजी, मांजराला प्लग आहे.

युट्रिस: चादर ओढू नकोस! केझिया! थांब म्हणते ना!

केझिया: बाप रे! यात तर अख्खा माणूस मावेल! आणि झाकणावर कुंकवाची पाच बोटं ओढलीत. झेंडूची माळ. वर हनुमानाचं चित्र.

युट्रिस: कुंकू नाही ते. गंज आहे.

केझिया: पाच बोटं असलेला गंज?

युट्रिस: समुद्राची हवा, बाई. काय वाट्टेल ते होतं.

केझिया: आणि हनुमान? तोही समुद्राच्या हवेने उमटला?

युट्रिस: या वयात माणसाने सगळ्याच देवांशी बरं ठेवावं.

केझिया: रविवारी पाद्रीबाबांच्या कानावर घालू का?

युट्रिस: घाल. आणि रात्रीचं जेवणही त्यांच्याकडेच उरक.

(मागच्या दारावर जोरजोरात थापा.)

धनमती: युट्रिस! ए युट्रिस! उघड लवकर! माझा किंगफिश दे बघू, पाहुणे येऊन बसलेत, चुलीवर तेल तापलंय आणि… अगं बाई. सरकार आलंय वाटतं.

केझिया: ये ना, धानो मावशी. तुझा किंगफिश?

धनमती: माझा? छे! माझ्याकडे कुठला मासा, बाळ? हिचा. मी आपली उसना मागायला आले. गरीब बाई मी, शेजारधर्मावर जगते.

युट्रिस: माझ्याकडे फ्रीजरच नाही, तर मासा कुठून येणार?

धनमती: नाही? मग हा कुणाचा?

युट्रिस: तूच सांग, धानो. मोठ्याने सांग. सरकार लिहून घेतंय.

धनमती: …मांजरच आहे ते. दाराबाहेरून मी ऐकलं मघाशी. चांगलं गुबगुबीत मांजर आहे.

केझिया: मावशी, तुझ्या घरचं मी सकाळीच लिहून आले. तुमच्या सूरजदादाने दाखवलं. तुझ्या देवघराशेजारी मोठा टीव्ही. त्याखाली शिवणयंत्र. आणि लक्ष्मीच्या तसबिरीभोवती टोप्या. पिसांच्या, जाळीच्या, एक तर जांभळ्या द्राक्षांची.

धनमती: लक्ष्मीला ऊन लागत नाही का?

युट्रिस: ती जांभळी खिळ्याला टांगलीस? धानो! तिची कड वाकेल! ती एकटी सपाट ठेवायची म्हणून बजावलं होतं तुला!

धनमती: सपाट ठेवली तर तिच्यावर कोण झोपतं ठाऊक आहे? माझी कोंबडी.

केझिया: अच्छा! म्हणजे टोप्या तुझ्या, आजी. आणि फ्रीजर तुझा, मावशी. इंडियन गरीब दिसावेत म्हणून तू सामान इकडे आणलंस. आणि आफ्रिकन गरीब दिसावेत म्हणून आजीने तिकडे नेलं.

धनमती: कसं बोलते बघ ही! अशा मुलीशी लग्न कोण करणार?

केझिया: थांबा, अजून ऐका. बूधरामकाकांच्या घरी सेल्विनकाकांची झाडं कापायची करवत आहे. सेल्विनकाकांच्या पलंगाखाली बूधरामकाकांचे पितळेचे लोटे आणि दोन ताशे. सकाळपासून ज्या घरात जाते, तिथे शेजारच्याच वस्तू. एका इंडियन आजोबांनी तर बायबल उलटं धरून मला वाचून दाखवलं!

युट्रिस: काय सांगतेस? सेल्विन आणि बूधराम? निवडणुकीपासून ते दोघं एकमेकांकडे बघून खोकतसुद्धा नाहीत!

धनमती: मला वाटलं, ही अक्कल फक्त आपल्यालाच सुचली.

युट्रिस: मलाही.

केझिया: निवडणुकीपासून या रस्त्यावर मधोमध रेघ ओढल्यासारखे चालता तुम्ही सगळे. बसमध्येसुद्धा दोन बाजूंना बसता. मग काल रात्री हे सामान रस्ता ओलांडून गेलं कसं?

धनमती: अंधारात रेघ दिसत नाही, बाळ.

केझिया: आणि हा एवढा मोठा फ्रीजर चढावर आणला कुणी?

युट्रिस: सूरजने. आणि तुमच्या पॅनवाल्या दोन पोरांनी. एक शब्द न बोलता. मध्येच एकाच्या पायावर पडला, तर बोंबलायचं सोडून तो नुसता नाचला.

केझिया: बरं झालं. पण आता बेरीज ऐका. मला दिसलं तेवढंच मी लिहिलं. इंडियन घरांत आफ्रिकनांची श्रीमंती, आफ्रिकन घरांत इंडियनांची. दोन्ही बाजू अगदी सारख्या. एक पायरी कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही.

युट्रिस: मग? अर्धे-अर्धे पैसे देणार?

केझिया: नाही. दोघं सारखे असले तर दोघांनाही काही नाही. छप्पर नदीपलीकडच्या गावाला.

युट्रिस: काही नाही म्हणजे?

केझिया: म्हणजे काही नाही, आजी. पॅनशेड उघडीच राहणार.

युट्रिस: बघितलंस, धानो? तुझ्या या मांजरापायी! बाईने आपल्या घरच्या वस्तू आपल्या घरी ठेवाव्यात!

धनमती: माझ्यापायी? आधी माझ्या दारात टोप्यांची खोकी घेऊन कोण आलं? तू! आणि तुमचं काय गं एवढं अडलंय? हातात चार डॉलर पडले की कार्निव्हलच्या पोशाखाला पिसं! दोन दिवस नाचायचं आणि मग वर्षभर रेशमी चड्डी कपाटात घालून बघत बसायचं!

युट्रिस: नाचतो तरी! तुमच्यासारखं नाही. खायचं नाही, ल्यायचं नाही, नुसतं साठवायचं! दहा वर्षं झाली, घराच्या गच्चीतून सळया आभाळाकडे बघतायत. वरचा मजला सूरजच्या लग्नात, वरचा मजला सूरजच्या लग्नात! अगं, त्या सळयांवर आता घार अंडी घालते!

धनमती: घार घालेना का! माझी पोरं शिकली!

युट्रिस: शिकली आणि एक सूरज सोडून सगळी टोरांटोला पळाली! दिवाळीला फोनवरून दिवा दाखवतात तुला. माझ्या घरी रविवारी बसायला खुर्ची पुरत नाही.

धनमती: जेवणही पुरत नाही! म्हणून तर सगळे हात धुवून माझ्याकडे दालपुरी खायला येतात!

केझिया: थांबा, थांबा! जरा हळू! हे सगळं फार महत्त्वाचं आहे, पण याला रकाना नाही!

युट्रिस: रकाना कशाला? हिची कंजुषी बघायला डोळे पुरेत! गेल्या महिन्यात नवे कोरे पत्रे आणले, एक खिळा ठोकला नाही. माझ्या परसात तसेच पडलेत…

धनमती: युट्रिस!

युट्रिस: …अरे देवा.

केझिया: कसले पत्रे?

धनमती: झालं. हिच्या तोंडाला कुलूप घालायची काही सरकारी योजना आहे का, ते विचार.

केझिया: कोंबड्यांच्या खुराड्यामागे ताडपत्री आहे, तिथेच ना? बघू… आई गं! केवढे आहेत! अगदी आरशासारखे! माझं तोंड दिसतंय यात.

धनमती: घुबडासारखं?

केझिया: मावशी, शपथ आहे मला. दिसलं ते लिहावंच लागणार. ‘युट्रिस बाप्टिस्ट यांच्या परसात नवे पत्रे.’ बघ, शाईने लिहिलं.

धनमती: ए! माझ्या सूरजचे आहेत ते!

केझिया: मग खोडून तुझ्या नावावर लिहू? बेरीज घरातल्या वस्तूंची आहे, ती पत्र्यांनी हलत नाही. पण मग फ्रीजर, टोप्या, सगळंच खऱ्या मालकाच्या नावावर लिहावं लागेल.

धनमती: ही पोर तुझ्यावर गेली नाही, युट्रिस. तुझ्या त्या नवऱ्यावर गेली.

युट्रिस: आता एवढी वर्षं झाली, तरी तुझा त्याच्यावर राग?

धनमती: पत्त्यांत लबाडी करायचा तो. केझिया, खरं सांग. शपथ आहे ना तुला? तुझं पॅन किती गंजलंय?

केझिया: …वरचे तीन सूर गेले, मावशी. मधले अजून बरे आहेत. पण असाच पाऊस लागत राहिला तर कार्निव्हलच्या स्पर्धेपर्यंत काही राहणार नाही. मग आम्ही जाणारच नाही. मुलं आत्ताच सरावाला येईनाशी झालीत.

धनमती: आणि तू?

केझिया: मी जाते. एकटीच वाजवते. जेवढं वाजतं तेवढं.

धनमती: हं. संध्याकाळी येतो तो आवाज तुझाच होय? मला वाटायचं, कुणी तरी तवा घासतंय.

केझिया: मावशी!

धनमती: ओरडू नकोस. काय लिहिलंस कागदावर? पत्रे कुणाचे?

केझिया: आजीचे.

धनमती: शाईने?

केझिया: शाईने.

धनमती: मग आजीचेच. सरकारने लिहिलं ते लिहिलं. सरकारशी भांडायला माझ्याकडे वेळ नाही, पाहुणे बसलेत.

युट्रिस: धानो, वेडी झालीस का? सूरजचा वरचा मजला?

धनमती: आधी नवरी तर खालच्या मजल्यावर येऊ दे! दहा वर्षं थांबला मजला, अजून दोन थांबेल. घारीचं घरही मोडणार नाही. तू काय करायचं ते कर. गायाप बोलाव.

युट्रिस: गायाप? निवडणुकीपासून या रस्त्यावर कुणी गायाप बोलावलेली नाही, धानो. काम माझं, आणि राबायला यायचं सगळ्यांनी. कोण येणार? तुझी माणसं माझ्या छपरावर चढतील?

धनमती: फ्रीजर उचलायला आली तीच येतील. फक्त या वेळी उजेडात बोलाव. आणि गायापचं जेवण चांगलं कर. नुसत्या भातावर बूधराम शिडी चढणार नाही.

युट्रिस: कोंबडीचा पेलाउ करीन. मोठ्या पातेल्यात. आणि पुढच्या रविवारी तुमच्या मंदिराचं स्वयंपाकघर. माझी माणसं येतील. उरलेले पत्रे तिकडे घालू.

धनमती: उरलेले? बघ हो सरकार! माझेच पत्रे, आणि ही मला उरलेले दान करते!

युट्रिस: तुझे कसले? कागद वाच.

केझिया: शेवटचा प्रश्न राहिला. हा दोघींनाही आहे. सामाजिक सुखाच्या भागातला. ‘तुमच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या समाजाच्या माणसांवर तुमचा विश्वास आहे का?’

युट्रिस: नाही लिही.

धनमती: मीही नाही. ठळक लिही.

केझिया: अगं पण…

युट्रिस: अशा गोष्टी सरकारला सांगायच्या नसतात.

केझिया: आणि कारण? इथे कारण लिहायचंय.

धनमती: कारण मला घाई आहे. काढ तो किंगफिश. युट्रिस, मी जरा मंदिरात जाऊन गायापचं सांगून येते. घर उघडंच आहे. तू मासा घेऊन पुढे हो, पाहुण्यांना सरबत दे. साखरेचा डबा कुठे असतो, तुला माहीत आहेच.