खडकापर्यंत

धाकटी : अगं, मी मुद्दाम नाही सांगितलं. तुझ्या सुनेनं फोनवर सहज विचारलं, मावशी, उद्या काय बघणार? मी म्हटलं, उद्या सरोवराचा थांबा, तुझ्या सासूबाई मधल्या खडकापर्यंत पोहणार आहेत. निघून गेलं तोंडातून.

थोरली : लहानपणापासून तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

धाकटी : आता तुझा मुलगा विमानानं निघालाय म्हणे. स्टेशनवर उभा असेल तुला उतरवून न्यायला.

थोरली : असू दे उभा. ते लोणी सरकव इकडे.

धाकटी : तुला भूक लागतेय? मी तर टोस्टचे नुसते तुकडे करतेय. सहलीच्या गाडीचा एवढा काचेच्या छताचा डबा, कडक इस्त्रीचे टेबलक्लॉथ, बाहेर डोंगर पळतायत, आणि मी बसलेय सारखी घड्याळ बघत.

थोरली : पोहायचंय मला. घड्याळ तू कशाला बघतेस?

धाकटी : कारण पोहण्याचा ड्रेस मी शिवलाय! उसवला भर पाण्यात, तर लोक तुला नाही, मला नावं ठेवतील.

थोरली : वर्षभर तरणतलावात उसवला नाही, आज कशाला उसवेल? तू एकदा शिवलेलं दातांनी ओढलं तरी सुटत नाही.

धाकटी : वर्षभर! आणि त्याला वाटतंय आई रोज सकाळी बागेत फिरायला जाते. ओले केस बघून त्यानं कधी काही विचारलं नाही?

थोरली : तो रविवारी येतो, दुपारी. तोवर वाळतात.

धाकटी : खरं सांग, बाकीच्या थांब्यांवर तुझं लक्ष तरी होतं का? ती दरी, ती जुनी वेधशाळा, ते काच फुंकणाऱ्यांचं गाव. सगळीकडे गाइडच्या मागे शहाण्या मुलीसारखी फिरलीस.

थोरली : होतं की. दरी तर फार आवडली मला. पण रात्री त्या मऊ गादीवर पडलं की डोळ्यांसमोर पाणीच यायचं. गाडी हलायची ना, पाण्यात पडल्यासारखंच वाटायचं.

धाकटी : वेग कमी झाला गं. आलं स्टेशन. ताई, तो बघ! निळा शर्ट. अगदी दाराशीच येऊन थांबलाय.

थोरली : वाळलाय. जेवत नाही वेळेवर.

*

मुलगा : आई, बॅग कुठंय तुझी? संध्याकाळच्या विमानाची दोन तिकिटं काढलीयत.

थोरली : आधी बस. चहा सांगू?

मुलगा : चहा नको. तुझ्या हृदयाला दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, विसरलीस का तू? आणि मावशी, तुम्हीसुद्धा तिला साथ देता?

धाकटी : मी काय रे, मी नुसती पिशवी धरायला आलेय.

थोरली : डॉक्टरांना विचारलंय मी. त्याच म्हणाल्या, चाला नाहीतर पोहा. चालून माझे गुडघे दुखतात.

मुलगा : डॉक्टर तरणतलावाबद्दल बोलल्या असतील! हे सरोवर आहे. मधल्या खडकापर्यंतचं अंतर बघितलंस का?

थोरली : बघितलं. तलावात त्याहून जास्त होतं माझं. आणि शेजारी जीवरक्षकाची होडी असते. या गाडीनं येणाऱ्यांसाठी ती सोयच आहे इथं.

मुलगा : तलावात? म्हणजे तू... आई, तुला पोहता कधीपासून येतं?

धाकटी : कधीपासून म्हणजे? लग्नाआधी नदीच्या शर्यतीत मुलगे मागं टाकायची ही! मी काठावर हिची चप्पल सांभाळत बसायचे. आख्खं गाव यायचं बघायला.

मुलगा : मला कधी बोलली नाहीस.

थोरली : विषयच निघाला नाही.

मुलगा : बाबांनी नको म्हटलं होतं? की आजीनं?

थोरली : कुणी नको म्हटलं नाही रे. उगाच त्यांच्यावर कशाला ढकलू? घर, तुम्ही दोघं, तुमच्या शाळा, मग बाबांचं आजारपण. एक दिवस लक्षात आलं, आपल्याला पाण्यात उतरून किती वर्षं झाली.

मुलगा : हे सगळं ठीक आहे, पण मी रिस्क घेऊ शकत नाही. पुढच्या महिन्यात तू आमच्याकडे कायमची राहायला येतेयस. तुझी खोली रंगवून तयार आहे. तिथं कुणीतरी चोवीस तास तुझ्याजवळ असेल. मला निवांत झोप लागेल.

थोरली : तुला झोप लागावी म्हणून मी येऊ?

मुलगा : आई, तसं नव्हतं म्हणायचं.

थोरली : माहितेय. तू एवढ्या लांब धावत आलास ते मायेनंच. चल, तूही होडीत बस. मी दमले तर हात वर करीन. मग तू म्हणशील त्या विमानात बसेन.

मुलगा : आणि नाही दमलीस तर?

थोरली : तर दुपारचं जेवण गाडीत एकत्र जेवू. सूप छान असतं.

*

(सरोवर. थोरली पाण्यात, शेजारून चाललेल्या होडीत मुलगा आणि धाकटी, वल्ही जीवरक्षकाच्या हातात.)

धाकटी : अरे, होडी हलवू नकोस! मला पोहता येत नाही.

मुलगा : मावशी, केवढी लांब आली ती! मान बघा कशी वळवतेय श्वास घ्यायला.

धाकटी : तश्शीच. लहानपणी होती तश्शीच. बाकी सगळी बदलली, ही मान नाही बदलली.

मुलगा : आई! ठीक आहेस ना?

थोरली : बोलायला... लावू नकोस!

धाकटी : बघ, ओरडा खाल्लास. मागच्या होडीतले लोक उभे राहिलेत रे. तो आपल्या शेजारच्या कूपेतला म्हातारा टोपी हलवतोय.

मुलगा : थांबली. मावशी, ती थांबली!

धाकटी : ताई! काय झालं गं?

थोरली : पोटरीत... गोळा आलाय.

मुलगा : झालं! दादा, होडी जवळ घ्या तिच्या. आई, माझा हात धर. हा बघ, धर!

थोरली : हात मागं घे.

मुलगा : आई, हट्ट करू नकोस!

थोरली : मी हात वर केला का? नाही ना? मागं घे म्हणते ना.

धाकटी : घे रे मागं. होडीला हात लागला की संपलं सगळं. बघ, उताणी झाली ती. पाय सैल सोडलाय. नदीतही असंच करायची.

मुलगा : तोंड पांढरं पडलंय तिचं.

धाकटी : माझं बघ, माझंही पडलंय. बस खाली.

मुलगा : आई... काय करतेयस?

थोरली : आकाश बघतेय. एक घार आहे वर. तू कडेवर होतास तेव्हा घार दाखवली की रडणं थांबवायचास.

मुलगा : आत्ता हे बोलायची वेळ आहे?

थोरली : मग कधी आहे? तू रविवारी आलास की फोनवर असतोस.

मुलगा : ...पाय कसा आहे?

थोरली : सुटला. बाजूला व्हा आता, मला वळायचंय.

धाकटी : निघाली! ताई, निघालीस गं बाई!

मुलगा : आई, तिरकी जातेयस! उजवीकडे! खडक उजवीकडे आहे!

धाकटी : अरे, होडी हलतेय! उभा काय राहतोस!

मुलगा : अजून थोडं! आई, जवळ आलाय! हात लांब टाक! अजून! अजून एकदा! लागला! मावशी, लागला हात! चढली! माझी आई आहे ती! अहो, ऐकलंत का, ती माझी आई आहे!

धाकटी : सगळ्यांनी ऐकलं रे. रडतोस काय? ताई, ड्रेस उसवला नाही ना?

थोरली : टाकासुद्धा... हलला नाही! फेक तो टॉवेल! नुसती बघत काय बसलीस!

*

थोरली : गाडीनं शिट्टी दिली. उतर आता, नाहीतर वाळवंटाच्या थांब्यापर्यंत यावं लागेल.

मुलगा : आलो असतो. त्या सूपसाठी. बरं, ती खोली, आई...

थोरली : खोली राहू दे. छान रंगवलीस म्हणतोस, तर सुट्टीत येईन. पाहुणी म्हणून. पण राहीन माझ्या घरीच, तरणतलावाजवळ.

मुलगा : मी फोन करीन रोज.

थोरली : सकाळी नको. सकाळी मी पाण्यात असते.

धाकटी : आणि मी काठावर. पुढच्या महिन्यापासून मीपण शिकतेय, ताईनं दम दिलाय.

मुलगा : मावशी, तुम्ही?

धाकटी : हसू नकोस. स्वतःसाठी ड्रेसचं माप घेऊन ठेवलंय मी, जरा घेरदारच आहे.

मुलगा : हा उतरलो मी. हलली गाडी. जपून जा. आई, एक विचारू?

थोरली : लवकर विचार.

मुलगा : पाणी थंड होतं का गं?

थोरली : होतं की! दात वाजत होते माझे. मग मजा आली.