गुलछडीची कापलेली नस

...आणि वर तुम्हीच विचारणार, चांगदेवानं आधी विचार का नाही केला! अहो, विचार? तुम्हाला सांगतो, दिघाशीच्या त्या माणसानं दोन वर्षं विचाराशिवाय दुसरं काही केलंच नाही! दारात पांढरीशुभ्र घोडी, नाव गुलछडी, तालुक्यातले निम्मे नवरदेव तिच्यावर बसून मांडवात गेलेले, आणि तीच घोडी पुढच्या दोन्ही पायांनी लंगडते. खुराच्या आत कुठलंसं बारकं हाड झिजलेलं. विश्रांती झाली, औषधं झाली, टाचेला उंची देणारे खास नाल झाले, गावात ज्यानं जो पाला सांगितला तो वाटून झाला... घोडी आपली एकदा हा पाय पुढं टाकते, एकदा तो, आणि चांगदेवाकडं बघते. ते बघणं, तुम्हाला सांगतो, माणसाला घास गिळू देत नाही!

शेवटी पडघ्याहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, क्षितिजा मॅडम. त्यांनी खुराच्या वर, टाचेच्या बाजूनं बधिर करायचं इंजेक्शन दिलं, दहा मिनिटं थांबल्या, म्हणाल्या, "चालवा." चालवली तर काय! गुलछडी अशी चालली, जशी आजच शोरूममधून बाहेर काढलीय! चांगदेव रडायचाच बाकी. म्हणाला, "म्याडम, ह्येच विंजेक्शन रोज द्या की!"

"रोज नाही चालत, थोड्या वेळात उतरतं ते. पण जी नस बधिर केली ना, ती कापता येते."

"मंग बरी व्हईल?"

"दुखणार नाही. पण बरंही होणार नाही."

आता बोला! ह्याला काय म्हणायचं? चांगदेवानं परत विचारलं, उलटसुलट करून विचारलं, मॅडमचं उत्तर तेच. दुखणार नाही, पण बरंही होणार नाही! हाड आत झिजतच राहणार, फक्त त्याची बातमी घोडीपर्यंत पोचणार नाही. आणि पुढं काय काय होऊ शकतं? खुरात खिळा घुसला, काच घुसली, तिला कळणार नाही, आत पू झाला तरी ऐटीत चालेल. कापलेल्या टोकाला गाठ आली तर उलट जास्त दुखेल. नस वर्षा-दोन वर्षांत परत जुळली तर लंगडणं परत. आणि पायाची आतली जाड दोरी आधीच झिजलेली असली, तर दुखत नाही म्हणून घोडी जोर लावणार, आणि दोरी तुटली तर घोडी गेलीच म्हणा! चांगदेव म्हणाला, "म्याडम, तुमी पायाचा इलाज सांगताव का मला भ्या दाखवताव?"

"दोन्ही," म्हणाल्या. शांतपणे!

बरं, मॅडमना गाडीपर्यंत सोडून घरी येतोय तर नाल ठोकणारे गुलाम हुसेनचाचा ओट्यावर तयार! दहा वर्षं गुलछडीच्या खुराशी बोलणारा माणूस. ऐकलं आणि हातोडीच खाली ठेवली. "चांगदेवभाई, मी खिळा मारतो तेव्हा मला कोण सांगतं, जरा आत गेला म्हणून? तीच सांगते! कान मागं करते, पाय खेचते. उद्या ती गप ऱ्हायली, तर मी कोणाला विचारू? तुला?"

चांगदेव आठ दिवस गोठ्यात बसून. शेवटी बायको, कमळा, म्हणाली, "अवो, करून टाका. तिचं बगवत न्हाय, आन् आता तुमचंबी बगवत न्हाय."

झालं ऑपरेशन. पट्ट्या सुटल्या, महिने गेले, गुलछडी झकास चालायला लागली. पण नियम! सकाळी चारही खूर धुवायचे, हातानं चाचपायचे, वास घ्यायचा... हो, वास! संध्याकाळी परत तेच. आणि वरात? मॅडम म्हणाल्या, "शक्यतो नको." चांगदेवाला त्यातलं फक्त "शक्य" ऐकू आलं!

नारपोलीत नवरदेव हितेश. वजन म्हणाल तर दोन नवरदेवांचं! सकाळी अकराची वरात, पुढं डीजे, रस्त्यावर कारखान्यांचा कचरा, फुटलेल्या ट्यूबलाइटी... आणि गुलछडी नाचतेय! अशी नाचतेय की बायका मोबाईल काढून उभ्या. चांगदेवाची छाती फुगलेली, लगाम हातात, चेहरा असा की लग्न त्याचंच. तेवढ्यात मागनं एक मावशी म्हणते, "अगो बाई, घोडीच्या पायाला पन आलता लावलाय!"

आलता?

चांगदेवानं मागं बघितलं. डांबरावर पावलापावलाला लाल ठसा. आणि घोडी नाचतेय हो! तुम्हाला सांगतो, लंगडली असती तर बरं, ओरडली असती तर बरं, पण ती आपली मान उडवतेय!

"उतर!" चांगदेव ओरडला.

"काय काका, मस्त नाचतेय ती!" वरून हितेश.

"मस्त नाचतेय म्हनूनच उतर, उतर आधी!"

भर नारपोलीत डीजे बंद. वऱ्हाडी भडकले, नवरीकडचे "मुहूर्त, मुहूर्त" करतायत, हितेश फेटा सावरत पायी निघाला, आणि चांगदेव रस्त्यात मांडी घालून, घोडीचा खूर मांडीवर. बोटभर काच! आत रुतलेली! आणि गुलछडी काय करत होती? त्याच्या टोपीचा वास घेत होती. तिथं तो रडला. चारचौघांत.

मॅडम आल्या, काच काढली, ओरडल्या नाहीत, हाच जास्त त्रास! चांगदेव स्वतःच म्हणाला, "बोला ना म्याडम, कायतरी बोला."

"काय बोलू? सांगितलं होतं. दुखणार नाही..."

"...पन बरंबी व्हनार न्हाय," त्यानं वाक्य पुरं केलं.

दीड महिना पट्ट्या. खूर वाचला. वराती कायमच्या बंद, घोडी नुसती घरी. गुलाम हुसेनचाचा येतात, एक एक खिळा श्वास रोखून मारतात, शिव्या मात्र चांगदेवाला. आणि चांगदेव सकाळ-संध्याकाळ बादली, कोमट पाणी, खूर धुतोय, चाचपतोय, वास घेतोय.

परवा कमळा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "माजी टाच वरीसभर ठनकतेय. पन माजी नस शाबूत हाय ना, मला कळतंय, म्हनून कोनी बगायला न्हाय!"

चांगदेवानं कोमट पाण्याची बादली उचलली आणि तिच्या पायापाशी नेऊन ठेवली. परवापासून कुणी विचारलं, "चांगदेवशेट, काय चाललंय सध्या?" तर मान खाली घालून सांगतो, "काय नाय रे... सहा पाय धुतोय."